नाशिकच्या शरणपूरला आफ्रिकन मुलांची शाळा होती, हे खरं आहे का?

हो, खरं आहे. आणि तुम्ही जे पुढे विचारलंय, की ही मुलं नाशिकला कुठून आली आणि पुढे त्यांचं काय झालं, त्याचं उत्तर जरा लांबचं आहे. मी नाशिकचाच, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

शाळेत असताना मी रोज सायकलवरून शरणपूर रोडनं जायचो. एकदा वडिलांना विचारलं, हे शरणपूर कुठंय? ते म्हणाले, "अरे, शरण आलेल्यांचं पूर." एवढंच. शरण कोण आलं होतं, हे मला त्यानंतर वीसेक वर्षांनी कळलं, आणि कळल्यावर मी कितीतरी दिवस दुसऱ्या कशाचा विचार करत नव्हतो.

चर्च मिशनरी सोसायटीचं नाशिकमधलं काम 1832 चं. नाशिक म्हणजे गोदाकाठचं तीर्थक्षेत्र. इथे कुणी ख्रिस्ती झाला तर घर सुटायचं, पंगत सुटायची, पाणवठाही सुटायचा. अशा लोकांना राहायला जागा आणि हाताला काम हवं म्हणून रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी 1855 च्या सुमाराला गावाबाहेर एक वस्ती बसवली. तिचं नाव शरणपूर. वस्तीत शाळा होती, चर्च होतं, आणि सुतारकाम, लोहारकाम शिकवणारे कारखाने होते. आज जिथे दवाखाने आणि बँकांच्या शाखा दिसतात तो सगळा भाग तेव्हा गावाबाहेरचा माळ होता.

आता आफ्रिकन मुलं. त्या काळी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं पकडून अरबी गलबतांतून झांझिबारला आणि तिथून आखातात विकायला नेत. ब्रिटिश आरमाराची जहाजं ही गलबतं समुद्रात अडवत आणि आतल्या गुलामांची सुटका करत. पण सुटका झालेल्या आठ-दहा वर्षांच्या पोराला पाठवायचं कुठे? त्याचं गाव किनाऱ्यापासून शेकडो मैल आत, बहुतेकदा जाळलेलं. परत सोडलं तर पुन्हा पकडला जाणार. म्हणून त्यांतल्या पुष्कळांना मुंबई बंदरात उतरवत. 1860 च्या आसपासपासून मुंबई सरकार अशी मुलं शरणपूरच्या मिशनकडे सोपवू लागलं. कार्ल इझेनबर्ग हे जर्मन मिशनरी तेव्हा तिथली व्यवस्था बघत. याओ, मकुआ, ओरोमो अशा वेगवेगळ्या लोकांची ही मुलं. एकमेकांची भाषाही त्यांना येत नसे. मुलीही होत्या, पण कागदपत्रांत नाव गाजलं ते 'नासिक बॉईज' म्हणून.

दिवसाचा काही भाग वर्गात, काही कारखान्यात, असा त्यांचा क्रम. लिहिणं-वाचणं इंग्रजीतून, आणि जोडीला एक हातचा धंदा. मला स्वतःला या शाळेबद्दल दोन्ही वाटतं. पोटाशी धरणारं दुसरं कुणीही नव्हतं तेव्हा तिनं या लेकरांना धरलं, यात शंका नाही. पण तिथल्या मुलांची नावं वाचा: सायमन प्राइस, रिचर्ड इझेनबर्ग, रूबेन स्मिथ, एडवर्ड गार्डनर. कुणाला मिशनऱ्याचं आडनाव, कुणाला आणखी कुणाचं. आईनं ठेवलेलं नाव बहुतेकांचं कुठेच लिहिलेलं नाही. ही गोष्ट मला टोचते, आणि टोचायलाच हवी असं मला वाटतं.

1865 मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन, आफ्रिकेत भटकंती करणारा स्कॉटिश मिशनरी, मुंबईला आला. नाईल नदीचा उगम शोधायला त्याला आफ्रिकेत आत शिरायचं होतं आणि त्यासाठी माणसं हवी होती. तो नाशिकला आला आणि शरणपूरच्या शाळेतून नऊ तरुण निवडून घेऊन गेला. (चुमा आणि विकतानी हे त्याचे आणखी दोन आफ्रिकन साथीदार मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत होते. विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाचं, तेच हे विल्सन. आदल्या वर्षी लिव्हिंग्स्टननंच त्यांना तिथे ठेवलं होतं.) 1866 च्या जानेवारीत सगळे झांझिबारला जायला निघाले.

लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशीत या पोरांबद्दल तक्रारीच तक्रारी आहेत. आळशी आहेत, मागे रेंगाळतात, ओझं उचलत नाहीत. ती वाचताना मला सारखं वाटायचं, अरे, ज्या वाटेनं साखळीत बांधून आणलं त्याच वाटेनं यांना परत चालवतोयस. रिचर्ड वाटेतच आजारी पडून वारला. काही जण पुढे जायला तयार झाले नाहीत.

याच प्रवासातला एक प्रसंग मला विसरता येत नाही. मताका नावाच्या याओ सरदाराच्या गावी गोरा माणूस बघायला गर्दी जमली होती. त्या गर्दीत शरणपूरच्या अब्राहमला आपला मामा की काका दिसला. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, त्यामुळे नातं नेमकं कळत नाही. अब्राहमनं ओळख दिली. तेव्हा कळलं की त्याला पकडून नेल्यानंतर त्याची आई आणि दोन बहिणी याही अरबांना विकल्या गेल्या. त्या नातेवाइकानं राहा म्हणून आग्रह केला. पण आई नाही, बहीण नाही, तिथे राहू कशाला, असं म्हणून अब्राहम पुढे निघाला. शरणपूरच्या शाळेत तो कोणत्या वर्गात होता, सुतारकाम शिकला की लोहारकाम, यातलं काही मला माहीत नसलं तरी चालेल. एवढा प्रसंग मला पुरतो.

1872 मध्ये लिव्हिंग्स्टनच्या मदतीसाठी शरणपूरहून आणखी सहा जण गेले. जेकब वेनराइट आणि त्याचा भाऊ जॉन, कॅरस फरार, मॅथ्यू वेलिंग्टन, आणि रिचर्ड व बेंजामिन रटन. या सगळ्या गोष्टीत नाशिकच्या शाळेचं शिक्षण सगळ्यात ठळक दिसतं ते जेकबमध्ये.

1 मे 1873 ला चितांबो नावाच्या सरदाराच्या गावी, आजच्या झांबियात, लिव्हिंग्स्टन वारला. सोबत साठेक माणसं, सगळी आफ्रिकन. प्रेत तिथेच पुरून मोकळं होणं सोपं होतं. त्यांनी तसं केलं नाही. आधी सगळ्यांसमोर सामानाच्या पेट्या उघडल्या आणि एकेका वस्तूची यादी केली, म्हणजे पुढे कुणी चोरीचा आळ घ्यायला नको. ती यादी लिहिली जेकबनं, कारण लिहिण्यात त्याचा हात बसलेला होता. मग काळीज काढून झाडाखाली पुरलं. तेव्हाची प्रार्थना जेकबनं पुस्तकातून इंग्रजीत वाचली. देह मीठ लावून, उन्हात सुमारे दोन आठवडे वाळवून, कापडात गुंडाळला. आणि त्या झाडाच्या बुंध्यावर जेकबनं अक्षरं कोरली: लिव्हिंग्स्टनचं नाव, तारीख आणि तांड्यातल्या म्होरक्यांची नावं. झाडाचा तो कोरलेला तुकडा पुढे कापून लंडनला नेला, रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे. ती अक्षरं काढणारा हात शरणपूरच्या पाटीवर वळलेला होता, हे नाशिकमध्ये किती जणांना माहीत असेल!

तिथून देह खांद्यावर घेऊन सुमारे हजार मैल, जवळजवळ नऊ महिने चालत, ते 1874 च्या फेब्रुवारीत बागामोयोच्या किनाऱ्याला पोचले. शवपेटीबरोबर इंग्लंडपर्यंत गेला तो जेकब. 18 एप्रिल 1874 ला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीचा गोंडा धरून चालणाऱ्यांत तो एकटा आफ्रिकन होता. चुमा आणि लिव्हिंग्स्टनचा दुसरा जुना आफ्रिकन साथीदार सुसी यांना तोवर तिथे पोचवण्याची तसदी कुणी घेतली नव्हती. जेकबनं त्या प्रवासाची रोजनिशीही लिहिली, इंग्रजीत. गावात शिरताना कोणी अडवलं, कुठे खायला मिळालं नाही, असं सगळं त्यात आहे. लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासाबद्दल बोलताना सगळे साहेबाच्याच वह्या काढतात. ही वही काढायला हवी.

शाळेचं पुढे काय झालं, तर 1873 मध्ये सर बार्टल फ्रिअर यांच्या खटपटीनं झांझिबारच्या सुलतानानं गुलामांचा समुद्रमार्गे व्यापार बंद करण्याचा करार केला. हे फ्रिअर म्हणजे मुंबईचे माजी गव्हर्नर. सुटलेल्या लोकांची सोय आफ्रिकेतच व्हावी असं ठरलं. 1874 मध्ये प्राइस यांनाच मोंबासाला पाठवलं आणि तिथे शरणपूरच्याच धर्तीवर नवी वस्ती उभी राहिली, फ्रिअर टाउन. नाशिकला शिकलेले कितीतरी तिकडे गेले. तिथे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. शिक्षक, सुतार, लोहार, दुभाषे, उपदेशक, सगळी कामं सुरुवातीला त्यांनीच उचलली. नाशिकची शाळा मग रिकामी होत गेली.

त्यांतला विल्यम जोन्स शरणपूरला लोहारकाम शिकलेला. पुढे तो पाळक झाला. 1885 मध्ये बिशप हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेले तेव्हा मागे थांबलेला तांडा जोन्सच्या हवाली होता. भुकेनं आणि आजारानं खंगलेली ती माणसं त्यानं मोंबासाजवळच्या रबाईला परत आणली. तांड्याच्या पुढे एक निळं निशाण होतं आणि त्यावर एकच शब्द, ईखाबोद. बायबलमधला हा शब्द, अर्थ 'वैभव गेलं'.

तुम्ही नाशिकला येणार असाल तर शरणपूरचं सेंट अँड्र्यूज चर्च बघा. त्या परिसरात मिशनची जुनी खूण अजून सापडते. आणि मोंबासाला कधी जाणं झालं तर फ्रिअर टाउन आजही त्याच नावानं आहे. 1872 मध्ये गेलेल्या सहांपैकी मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासातच राहिला आणि 1935 मध्ये तिथेच वारला. म्हणजे माझे आजोबा नाशिकच्या शाळेत पाढे म्हणत होते तेव्हा शरणपूरच्या शाळेतला एक विद्यार्थी अजून हयात होता.