वाचकांचे प्रश्न: बंब शेवटी येतो

प्रश्न: काका, आमच्या वाचनकट्ट्यावर रे ब्रॅडबरींची ‘फॅरनहाइट ४५१’ झाली. बंबवालेच घरोघरी जाऊन पुस्तकं जाळतात, ती. एक मित्र म्हणाला, “मोबाइलच्या जमान्यात रॉकेल कशाला लागतंय? बटण दाबलं की मजकूर गायब. जुनी झाली कादंबरी.” दुसऱ्यानं महाडच्या मनुस्मृती दहनाचं नाव काढलं, आणि भांडणच लागलं. तुम्हाला काय वाटतं?
— एक विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: पहिल्या मित्राला सांग, कादंबरीतल्या बंबवाल्यांच्या कॅप्टन बीटीचं ते लांबलचक भाषण गाळू नको बाबा. १९५३ सालच्या या पुस्तकात बंब सगळ्यात शेवटी येतो. आधी थोर ग्रंथ पंधरा मिनिटांच्या रेडिओ कार्यक्रमात बसवले, मग दोन मिनिटांच्या सदरात, शेवटी कोशातल्या दहा-बारा ओळी उरल्या. कुणाला टोचेल ते आधीच काढून टाकलं. लोक भिंतीएवढ्या टीव्हीसमोर खुशीत बसले, मग काडी ओढायला कितीसा वेळ? अर्थात बीटी हा जाळणाऱ्यांचाच म्होरक्या. सगळं खापर वाचकांवर फोडणं त्याच्या सोयीचंच आहे, तेव्हा त्याचं निम्मंच खरं धरायचं.

आणि बटणाचं म्हणशील, तर ते ऑर्वेलनं १९४९ मध्येच दाबून ठेवलंय. त्याच्या ‘१९८४’ या कादंबरीतला विन्स्टन सरकारी कचेरीत बसून जुनी वर्तमानपत्रं दुरुस्त करतो. चॉकलेटचं रेशन कमी करणार नाही, असं सरकारचं वचन छापून आलेलं असतं आणि रेशन तर तीस ग्रॅमवरून वीसवर येणार असतं. मग हा जुन्या अंकात वचनाच्या जागी ‘बहुधा एप्रिलमध्ये कपात करावी लागेल’ असा इशारा घालतो. अंक नव्यानं छापायचा, जुन्या प्रती नष्ट करायच्या, हातातला कागद भिंतीतल्या फटीत टाकायचा. तो खाली भट्टीत जातो. आग इथंही आहेच, धूर तेवढा कुणाला दिसत नाही. पुढं लोक रेशन वीस ग्रॅमपर्यंत ‘वाढवलं’ म्हणून आभाराचे मोर्चे काढतात! मला चौकातल्या होळीपेक्षा ही कारकुनी जास्त भिववते.

खुद्द ब्रॅडबरींच्या या कादंबरीलाही कात्री लागली. १९६७ मध्ये शाळांसाठी निघालेल्या आवृत्तीत प्रकाशकानं ‘हेल’, ‘डॅम’ असले शब्द गुपचूप उडवले. विद्यार्थ्यांची पत्रं आली तेव्हा लेखकाला पत्ता लागला. पंचाहत्तरेक ठिकाणी काटछाट झाली होती, असं त्यांनीच लिहून ठेवलंय.

आता महाड. २५ डिसेंबर १९२७. दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर सहस्रबुद्धे जन्मानं ब्राह्मण होते, हे कट्ट्यावर आवर्जून सांग. जाळणाऱ्यांच्या हाती पोलीस नव्हते, कोर्ट नव्हतं. चवदार तळ्याच्या पाण्यावरचा हक्कसुद्धा अजून भांडून मिळवायचा होता. मनुस्मृती वाचायला त्यामुळं कुणाला बंदी झाली नाही. उलट बाबासाहेब पुढं आयुष्यभर तिच्यातले दाखले देत तिच्याशी भांडले. बर्लिनमध्ये १० मे १९३३ ला पुस्तकं पेटली तेव्हा भाषणाला हिटलरचा मंत्री गोबेल्स उभा होता. जाळणाऱ्याच्या पाठीशी सत्ता आहे का, आणि जाळल्यावर ते पुस्तक घरात ठेवायची भीती वाटते का, एवढं दोन्ही पार्ट्यांना विचार. तरी भांडण मिटणार नाहीच म्हणा, कोल्हापुरात कट्ट्यावरचं भांडण मिटतंय कुठं?

पुढच्या वेळी मार्गारेट ॲटवुडची ‘द हँडमेड्स टेल’ घ्या, १९८५ ची. तिथं बायकांना वाचायलाच बंदी आहे, म्हणून दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं पुसून नुसती चित्रं ठेवलीत. ती वाचून झाली की मैत्रिणींना घेऊन एकदा महाद्वार रोडनं चाल आणि पाट्या तशा बघत जा.