गिअरबॉक्सचं माउंटिंग तुटलंय? आधी एवढं बघ

भावा, घाबरू नकोस. तू म्हणतोस, क्लच सोडताना धाडकन आवाज येतो आणि गिअरचा लिव्हर हलतो. म्हणजे बहुतेक माउंटिंगचं (गिअरबॉक्सला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणाऱ्या आधाराचं) रबर फाटलंय किंवा त्याच्या लोखंडी ब्रॅकेटला चीर गेलीय. दोन्ही दुरुस्त होतं.

नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीच शिरू नकोस, स्टँड लाव. गिअरबॉक्सला लाकडी फळी घालून वेगळा आधार दे, मगच बोल्ट सोड.

नवशिक्यांची ठरलेली चूक म्हणजे चिरेवर वरवर वेल्डिंग मारणं. ती पुन्हा उघडते. ब्रॅकेट गाडीतून काढ, रबर वेगळं कर, तेल-ग्रीस पूर्ण साफ कर. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाड, चीर ग्राइंडरनं खोल कर, मग वेल्डिंग. गिअरबॉक्सचा ॲल्युमिनियमचा कानच (माउंटिंगचा बोल्ट बसतो तो भाग) तुटला असेल तर मात्र स्वतः प्रयोग नको. उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या भागात, टिग वेल्डिंगचा (ॲल्युमिनियमला चालणाऱ्या बारीक वेल्डिंगचा) चांगला कारागीर गाठ.

इंजिनची माउंटिंगंही तपास. ताकद वाढवलेल्या गाडीत एक ढिलं पडलं की सगळा पीळ दुसऱ्यावर येतो. मी पहिल्यांदा हे बघितलं नाही आणि नवं रबर दोन महिन्यांत फाटलं. रबराऐवजी कडक पॉलियुरेथेनचे बुश बसवायचा मोह सध्या आवर, गाडीभर थरथर येते.

बोल्ट आधी हातानं लाव, वजन नीट बसल्यावरच टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानं आवळायच्या पान्यानं) आवळ. अडलास तर चिरेचा फोटो पाठव.