प्रोजेक्टरच्या चित्रात मधोमध काळा डाग

प्रश्न : नमस्कार दादा, जुन्या ७ इंची स्क्रीनचं पॅनल काढून घरीच प्रोजेक्टर बनवलाय, १०० वॅटची एलईडी आणि पॅनलच्या मागेपुढे एकेक फ्रेनेल लेन्स (गोल खाचांचं पातळ, चपटं भिंग). चित्र छान येतं पण वीस मिनिटांत मधोमध काळपट डाग पडतो आणि पसरत जातो, बंद करून ठेवलं की परत ठीक. हवेसाठी भोकं पाडली तर त्यातून उजेड भिंतीवर येतो. पॅनल गेलं का? २०० वॅटची एलईडी लावू का?

उत्तर : पॅनल अजून शाबूत आहे, पण असंच चालवलंत तर जाईल. पॅनलमधलं लिक्विड क्रिस्टल फार तापलं की साध्या द्रवासारखं होतं, मग ते प्रकाशाचं ध्रुवण, म्हणजे त्याच्या कंपनाची दिशा, फिरवत नाही आणि दोन्ही बाजूंचे पोलरायझर (एकाच दिशेचा उजेड सोडणाऱ्या फिल्म) मिळून सगळा उजेड अडवतात. म्हणून काळं दिसतं, आणि मधोमध आधी कारण उजेड तिथेच सगळ्यात दाट असतो. थंड झालं की क्रिस्टल सुधारतं, पण पोलरायझरची फिल्म एकदा पिवळी पडली की संपलं.

आता ही उष्णता येते कुठून? बरेच जण हीटसिंकलाच (एलईडीमागचा उष्णता काढून घेणारा धातूचा ठोकळा) हात लावून बघतात आणि तो गार लागला की निर्धास्त होतात, पण पॅनलला तापवतो तो खुद्द उजेड. मागचा पोलरायझरच निम्म्याहून जास्त उजेड गिळतो, मग रंगांचे फिल्टर उरलेल्यातला साधारण एक तृतीयांश सोडतात, असं करत पूर्ण पांढऱ्या चित्रालासुद्धा जेमतेम ५ ते १० टक्के उजेड बाहेर पडतो आणि बाकीच्याची पॅनलमध्येच उष्णता होते. म्हणजे २०० वॅट लावलेत तर पॅनलवर ताप दुप्पट आणि डोळ्याला चित्र काही दुप्पट उजळ वाटणार नाही. नका लावू.

त्यापेक्षा वाया जाणारा उजेड आधीच अडवा. एलईडीचा उजेड पडतो गोल आणि पॅनल आहे १६:९ चं, चारही कोपरे झाकतील एवढा गोल घेतला तर त्यातला फक्त ५४ टक्के भाग पॅनलवर येतो, उरलेला कडेच्या चौकटीवर आणि रिबन केबलवर पडून तिथे तापवत बसतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात पॅनलच्या मापाची खिडकी कापा आणि तो पत्रा पॅनलला न चिकटवता मागच्या फ्रेनेलजवळ लावा.

मग हवा. दोन्ही फ्रेनेल पॅनलपासून १०-१५ मिलिमीटर लांब ठेवा आणि त्या दोन फटींतून, म्हणजे पॅनलच्या दोन्ही अंगांनी, पंख्याची हवा सरळ वाहू द्या, बाहेरची गार हवा आधी पॅनलला आणि मग हीटसिंकला, उलटं नको. नुसता पेटीभर वारा फिरवून काही होत नाही, फटीतून गेला पाहिजे.

भोकातून येणाऱ्या उजेडाचं म्हणाल तर हवा वळते, उजेड वळत नाही. भोकाबाहेर दोन काटकोनी वळणांची पुठ्ठ्याची नळी लावा, आतून मॅट काळी रंगवा, चकाकणारा काळा चालत नाही कारण त्यावरून उजेड घसरत बाहेर येतो. नळी भोकापेक्षा रुंद ठेवा, नाहीतर हवेचा दम कमी होतो.

तापमान बघताना सेन्सर उजेडात धरू नका, तो स्वतःच तापून खोटं दाखवतो. एलईडी बंद करून लगेच काचेला टेकवा, ५० अंशांच्या आत असेल तर मी समाधानी.

प्रश्न : एलईडीपुढे इन्फ्रारेड अडवणारी काच लावावी का?

उत्तर : गरज नाही. ती काच मेटल हॅलाइड आणि हॅलोजन दिव्यांसाठी, त्यांच्या उजेडाबरोबर इन्फ्रारेड भरपूर येतं. पांढऱ्या एलईडीच्या झोतात ते जवळपास नसतंच, तिची उष्णता मागे हीटसिंकमध्ये उतरते. उलट साध्या काचेच्या दोन पृष्ठभागांवरून ८ टक्के उजेड परत फिरतो. त्या पैशात थर्मल स्विच (फार तापला की वीज तोडणारा स्विच) घ्या, तो हीटसिंकवर बसवून एलईडीच्या लाइनीत सिरीजमध्ये जोडा, म्हणजे पंखा बंद पडला तरी हीटसिंक तापल्यावर एलईडी आपोआप बंद होईल.