प्लेट्स दूर सरकतात तिथे खड्डा पडायच्या ऐवजी पर्वतरांग कशी तयार होते?

समुद्रतळावर दोन प्लेट्स, म्हणजे पृथ्वीच्या कठीण बाह्य थराचे प्रचंड तुकडे, फाकत असतील तर मधे खड्डा पडायला हवा, डोंगर कुठून आला, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. भूशास्त्र शिकताना मीही इथेच अडलो होतो. माझ्या डोक्यात खाली लाव्ह्याचा समुद्र आणि त्यावर तरंगणाऱ्या प्लेट्स असं चित्र होतं. ते आधी पुसून टाका. कवचाखालचं प्रावरण घन खडकाचंच आहे; फक्त इतकं तापलेलं, की लाखो वर्षांच्या हिशेबात ते संथपणे वाहतं.

गॅस बंद करून कुकरची शिट्टी घाईने उचलली की वरण फसफसून बाहेर येतं ना? उष्णता वाढलेली नसते, दाब उतरलेला असतो. इथेही तेच. प्लेट्स सरकल्या की खालचा तप्त खडक ती जागा भरायला वर येतो, वर येताना त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि त्याचा थोडा भाग वितळतो. हा शिलारस भेगांतून वर चढतो. बराचसा आतच थिजतो, उरलेला तळावर येऊन गार पाण्यात उशांसारख्या गोळ्यांनी गोठतो. अशा रीतीने साधारण 6-7 किलोमीटर जाडीचं बेसाल्टी कवच तयार होत राहतं.

पण लाव्हा साचून साचून डोंगर झाला असं समजू नका. उंचीचं खरं कारण उष्णता. तापलेला खडक प्रसरण पावतो, हलका असतो, म्हणून उंच राहतो. माथा पाण्याखाली सुमारे अडीच किलोमीटरवर असतो. तिथून सरकत गेलेला तळ निवत, आकसत, खचत पाच किलोमीटरपर्यंत खाली जातो. म्हणून या रांगांचे उतार शेकडो किलोमीटर पसरलेले असतात.

आणि तुमचा खड्डाही आहे बरं का! संथ फाकणाऱ्या रांगांच्या ऐन माथ्यावर दरी असते. अटलांटिकमधली ती दरी अमेरिकन भूशास्त्रज्ञ मारी थार्प यांनी 1950च्या दशकात खोलीच्या नोंदींवरून नकाशे काढताना ओळखली.

आपल्या जवळची रांग म्हणजे अरबी समुद्राच्या दक्षिणेची कार्ल्सबर्ग रिज. वर्षाला दोन-तीन सेंटिमीटर फाकते. थिजताना खडक त्या काळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतो आणि ते क्षेत्र उलटलं की पुढचा पट्टा उलटा उमटतो, हे व्हाइन आणि मॅथ्यूज या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1963 मध्ये मांडलं, ते याच रांगेवरच्या मोजमापांच्या आधारे. नाव वाचून बिअर आठवली असेल तर चूक नाही: ज्या डॅनिश मोहिमेत ही रांग सापडली तिला कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानाचे पैसे होते.