लांब इंग्रजी शब्द कुठे तोडायचा, जोर कुठे द्यायचा?

प्रश्न : सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली मुलगी यंदा आठवीला इंग्रजी माध्यमात गेली. लांब शब्द आला की अडखळते, आणि वाचलाच तर सगळीकडे सारखाच जोर देते. घरी सराव कसा घ्यावा?
— एक पालक, खानापूर

उत्तर : आधी स्पेलिंग झाकून ठेवा. शब्दाचे तुकडे कानाने पाडायचे. जितके स्वर ऐकू येतात तितके तुकडे. 'व्हेजिटेबल' लिहिताना चार स्वर दिसतात, बोलताना मात्र व्हेज्-ट-बल असे तीनच.

मग शब्दाची शेपटी पाहा. बेळगावजवळच्या मच्छे इथल्या विश्वेश्वरय्या विद्यापीठाच्या इंग्रजी नावातलेच दोन शब्द घ्या : टेक्-न-लॉ-जि-कल आणि यू-नि-व्हर्-सि-टी. जोर 'लॉ'वर आणि 'व्हर्'वर, म्हणजे दोन्हीकडे शेवटून तिसऱ्या तुकड्यावर. इकल, इटी, लजी, ग्रफी या शेपट्यांचा हाच नियम. म्हणून नुसत्या टेक्-नॉ-ल-जीत जोर 'नॉ'वर सरकतो. 'शन' आणि 'इक' असतील तर शेवटून दुसरा : इग्-झॅ-मि-ने-शनमध्ये 'ने', इ-लेक्-ट्रिकमध्ये 'लेक्'. अपवाद पाठच करावेत : पॉलिटिक्सचा जोर 'पॉ'वर, गणिताच्या अरिथमेटिकचा 'रिथ्'वर.

आपल्या भागातली एक अडचण इथे आडवी येते. कन्नडच्या सवयीने मुले 'बस्सु', 'कारु' असा शेवटी स्वर जोडतात. मराठीत 'फिल्म'चे 'फिलम' होते. तुकडा वाढला की शेवटून केलेली मोजणी चुकते. 'इस्कूल'मधला 'इ' पुढे असल्याने मोजणीला बाधत नाही, पण तोही काढायलाच हवा.

खरी मेहनत जोर देण्यात नाही, बाकीचे तुकडे हलके करण्यात आहे. मराठीत आपण प्रत्येक स्वर पुरा उच्चारतो. इंग्रजीत जोर नसलेला स्वर बहुधा आखूड 'अ' किंवा 'इ' होतो. वर टेक्नॉलॉजीतला 'नॉ' टेक्नॉलॉजिकलमध्ये 'न' झाला, तो यामुळेच. मुलीला जोराचा तुकडा थोडा लांब आणि उंच सुरात म्हणायला लावा, त्यावर टाळी द्या, बाकीचे भरभर. विज्ञानाच्या पुस्तकातले रोज पाच शब्द पुरेत.

शब्दकोशात पाहताना एक जपा : उच्चारातली छोटी उभी रेघ जोराच्या तुकड्याच्या आधी असते, नंतर नव्हे. मूळ शब्दातले ठिपके ओळीअखेर शब्द तोडण्यासाठी असतात. त्यांवरून तुकडे मोजू नका.