कोणता बोर्ड घेऊ? : छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न (तासगाव) : दीड एकर द्राक्षबागेत ठिबकला २४ व्होल्ट एसीचे दोन सोलेनॉइड (विजेवर उघडणारे) व्हॉल्व्ह बसवलेत. मातीतला ओलावा बघून ते आपोआप उघडावेत-मिटावेत, एवढंच हवंय. रास्पबेरी पाय ४ घ्यावा, की तेवढ्याच पैशात जास्त रॅम देणारा ऑरेंज पाय?

उत्तर : दोन्ही नकोत. या कामाला कॉम्प्युटर लागतच नाही, चार-पाचशे रुपयांच्या आसपास मिळणारा ईएसपी३२ बोर्ड पुरतो. पाय म्हणजे लिनक्स (विंडोजसारखी प्रणाली) चालवणारं पूर्ण यंत्र, एका बोर्डावरचा कॉम्प्युटरच. ते सुरू व्हायला वेळ घेतं आणि अचानक लाइट गेली की त्याचं मेमरी कार्ड बिघडू शकतं. शिवाय सेन्सरचं कमी-जास्त होणारं व्होल्टेज मोजायची सोय पायवर नाही, त्यासाठी वेगळी चिप जोडावी लागते. ईएसपी३२ वर ती सोय आहे, वाय-फायही आहे. लाइट आली की एक-दोन सेकंदांत तो कामाला लागतो. शेतातली लाइट कधी येते नि कधी जाते हे तुम्हाला सांगायला नको.

सेन्सर कपॅसिटिव्ह, म्हणजे धातू उघडा नसलेल्या पट्टीचा, घ्या. दोन उघड्या काट्यांचा स्वस्त सेन्सर ओल्या मातीत काही आठवड्यांत गंजतो आणि आकडे भरकटतात. कपॅसिटिव्ह पट्टीच्या कापलेल्या कडांमधूनही पाणी शिरतं, म्हणून पुरण्याआधी कडांना आणि वरच्या सुट्या भागांना इपॉक्सी किंवा नेलपॉलिशचे दोन हात द्या. सेन्सरची तार जीपीआयओ (बोर्डाच्या जोडणीच्या पिना) ३२ ते ३५ पैकी एका पिनला लावा. ४, १३, १४, २५, २६, २७ या पिनांवरचं मापन वाय-फाय चालू असताना होत नाही. पुष्कळजण इथेच अडकतात आणि सेन्सर खराब निघाला म्हणून तो बदलत बसतात. कोरड्या मातीत आकडा मोठा येतो, ओल्यात लहान. पेल्यातल्या पाण्यावर माप ठरवू नका. आपल्याच बागेत पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी एक आकडा घ्या, वाफसा जाऊन माती सुकली की दुसरा, आणि मर्यादा त्या दोन्हींच्या मध्ये ठेवा. दर वेळी वीस मापांची सरासरी काढा.

रिलेला (व्हॉल्व्हची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचला) २५, २६ किंवा २७ पिन चालेल, तिथे फक्त बाहेर आदेश जातो, मापनाचा प्रश्न येत नाही. ०, २, १२, १५ टाळा, बोर्ड सुरू होताना त्या पिनांना वेगळं काम असतं. बाजारातले बहुतेक ५ व्होल्टचे रिले मॉड्यूल पिन खाली (० व्होल्टवर) गेली की चालू होतात. ईएसपी३२ ची ‘वर’ म्हणजे ३.३ व्होल्टच, त्यामुळे काही मॉड्यूल नीट बंदच होत नाहीत. मॉड्यूलवर ‘जेडी-व्हीसीसी’ लिहिलेल्या जागी प्लॅस्टिकची टोपी असते ती काढा. जेडी-व्हीसीसीला ५ व्होल्ट, व्हीसीसीला ३.३ व्होल्ट द्या, अडचण सुटते. प्रोग्राममध्ये आधी पिन ‘हाय’ लिहा, मग ‘आउटपुट’ करा. उलट केलंत तर लाइट आल्याबरोबर व्हॉल्व्ह एकदा टक्कन उघडतो.

विहिरीवरच्या खोलीतलं वाय-फाय बागेच्या टोकापर्यंत पोचत नसेल तर लोराचे (लांब पल्ल्याच्या, कमी विजेच्या रेडिओचे) दोन मॉड्यूल घ्या. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ परवान्याशिवाय वापरता येतं, म्हणून ८६८ चा मॉड्यूल घेऊन तो ८६६ वर लावा. ९१५ चा स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

प्रश्न (मिरज) : दुकानात पाय ३ बी प्लसवर कॅमेरा आणि हिशोबाचा प्रोग्राम चालतो. दोन-तीन महिन्यांनी मेमरी कार्ड जातं, मध्येच बोर्ड अडकतो. आता पाय ५ घेऊ का?

उत्तर : आधी केबल बदला. पायला मिळणारं व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की तो तक्रार करतो. पडद्यावर पिवळी वीज चमकते ती हीच. मोबाइलच्या साध्या केबलमधली बारीक तार, २८ गेजची, मीटरला सुमारे ०.२१ ओहम अडवते. एक मीटर केबलमध्ये जाऊन-येऊन दोन मीटर तार होते, म्हणजे ०.४३ ओहम. १ अँपिअर वाहिला की ०.४३ व्होल्ट केबलमध्येच गेले. चार्जर खरे ५ व्होल्ट देत असला तरी बोर्डला ४.५७ मिळतात. २० गेजच्या (जाड तारेच्या) केबलमध्ये हीच घट ०.०७ व्होल्टच्या आसपास राहते. म्हणून चार्जरवर पैसे घालून केबल जुनीच ठेवली तर फरक पडत नाही.

टर्मिनलवर (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ (vcgencmd get_throttled) ही आज्ञा द्या. उत्तर ‘०एक्स०’ (0x0) आलं तर वीज ठीक. ‘०एक्स५००००’ म्हणजे सुरू झाल्यापासून कधीतरी वीज कमी पडली आणि वेग उतरला. ‘०एक्स५०००५’ म्हणजे आत्ताही कमीच पडतेय. मल्टीमीटर असेल तर कॅमेरा चालू असताना पिन २ आणि पिन ६ मध्ये मोजा, ४.८ च्या वर हवं. ३ बी प्लसला ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअरचा अडॅप्टर लागतो.

कार्डाचं दुसरं कारण म्हणजे लिहिणं चालू असताना लाइट जाणं. कार्ड ‘हाय एन्ड्युरन्स’ जातीचं घ्या आणि ते खरंच छापलेल्या आकाराचं आहे ना, हे ‘एफ३’ या प्रोग्रामने तपासा. नकली कार्डं सर्रास मिळतात. कॅमेऱ्याचं चित्रण पेनड्राइव्हवर किंवा एसएसडीवर घ्या. रास्पी-कॉन्फिगमध्ये (पायच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये) ‘ओव्हरले फाइल सिस्टीम’ चालू केली तर मूळ कार्डावर काही लिहिलंच जात नाही, पण हिशोबाचा डेटा आधी दुसरीकडे हलवा, नाहीतर बोर्ड बंद झाला की दिवसभराच्या नोंदी गेल्या. पाय ५ ला तर ५ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. ३ चा लावला तर सगळ्या यूएसबी उपकरणांना मिळून ६०० मिलिअँपिअरच मिळतात. विजेचा आजार तसाच ठेवून पाय ५ घेतलात तर तो आजार वाढेलच.

प्रश्न (कराड) : पायच्या तुलनेत ऑरेंज पाय झिरो ३ स्वस्त आणि रॅम भरपूर. तोटा काय?

उत्तर : चिप चांगली आहे, अडचण भोवतालची. पायच्या ४० पिनांवर बसणारे जोडबोर्ड त्याच्या २६ पिनांवर बसत नाहीत आणि पायसाठी लिहिलेले पिनांचे प्रोग्राम जसेच्या तसे चालत नाहीत. घेण्याआधी आर्मबियनमध्ये (अशा बोर्डांसाठीच्या लिनक्समध्ये) त्याच मॉडेलची इमेज (कार्डावर भरायची फाइल) आहे का आणि ती शेवटची कधी सुधारली, हे बघा. फाइल सर्व्हर किंवा जाहिरातरोधक अशी नुसती नेटवर्कची कामं असतील तर जरूर घ्या. कॅमेरा, सेन्सर, शाळेचा प्रकल्प असेल तर पायच. छोटं काम असेल तर १५ डॉलर मूळ किमतीचा पाय झिरो २ डब्ल्यू बघा, त्याची ५१२ एमबी रॅम ब्राउझरला मात्र अपुरी पडते. मुलांच्या अभ्यासासाठी कॉम्प्युटर हवा असेल तर ऑफिसातून निघालेला जुना छोटा डेस्कटॉप यातल्या कुठल्याही बोर्डपेक्षा बरा, हे आमचं स्पष्ट मत.

प्रश्न (सातारा) : आठवीतल्या मुलीला पहिला बोर्ड कोणता द्यावा?

उत्तर : पिको डब्ल्यू, रास्पबेरी पायचाच वाय-फायवाला छोटा बोर्ड. मायक्रोपायथन (अशा बोर्डांसाठीची पायथन भाषा) लगेच चालतं, चूक झाली तर बूटसेल बटण दाबून परत सगळं नव्याने भरता येतं. पिनांना ५ व्होल्ट लावू द्यायचे नाहीत, हा एकच दंडक.

प्रश्न (वाई) : शाळेची घंटा ठरल्या वेळी वाजवायची आहे. इंटरनेट नाही. लाइट गेली की घड्याळ चुकतं.

उत्तर : ईएसपी३२ ला डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल जोडा, चार तारा : ३.३ व्होल्ट, ग्राउंड, एसडीए (डेटाची तार) पिन २१ ला, एससीएल (ठोक्यांची तार) पिन २२ ला. निळं मॉड्यूल येतं त्यात बॅटरी चार्ज करणारा एक डायोड आणि २०० ओहमचा रेझिस्टर असतो. तो चार्ज होणाऱ्या एलआयआर२०३२ सेलसाठी आहे. दुकानदार त्यात साधा सीआर२०३२ घालतो आणि ५ व्होल्ट दिले की तो चार्ज न होणारा सेल फुगतो. ३.३ व्होल्टवर चालवा, किंवा रेझिस्टर तापवून काढून टाका. दोन्ही केलं तर उत्तमच. २३० व्होल्टची घंटा बंद होताना रिलेच्या टोकांत ठिणगी पडते, काही महिन्यांत टोकं चिकटतात आणि घंटा थांबत नाही. टोकांवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ कपॅसिटर एकापाठोपाठ जोडून लावा, कपॅसिटर एक्स२ च (थेट मेन लाइनवर लावायच्या सुरक्षित जातीचा) हवा. २३० व्होल्टची जोडणी वायरमनकडून करून घ्या. घंटेजवळ हाताने वाजवायचं जुनं बटणही ठेवा, मधल्या सुट्टीची घंटा चुकली तर मुलं तुम्हाला सोडणार नाहीत.