स्वतःच्याच ऑडिटरकडून इतर कामे का करून घेतात?

आपण विचारले आहे की, आपल्या टॉवेल कारखान्याची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी ज्या सीएंकडून ऑडिट करून घेते, त्यांच्याकडेच करविषयक कामे, बँकेची प्रमाणपत्रे आणि आता हिशेबाची नवी संगणक प्रणाली बसवण्याचे कामही का सोपवते आणि त्यात गैर काही आहे का. सोलापुरात सव्वीस वर्षे मी स्वतः सीए म्हणून ऑडिटचा व्यवसाय करत असल्याने जरा सविस्तर लिहितो.

मुख्य कारण माहितीचे आहे. मार्चअखेरीस ऑडिटर अक्कलकोट रोडच्या गोदामात उभा राहून सुताच्या गोण्या मोजून घेतो, मागावर चढलेल्या बीमवर (ताण्याचे सूत गुंडाळलेल्या रुळावर) किती सूत आहे आणि डाईंगला किती माल गेला आहे याची चलने तपासतो. एवढे कष्ट एकदा झाले की त्याच आकड्यांवर उभे राहणारे दुसरे काम त्याला थोड्या वेळात करता येते. एका निर्यातदाराच्या बँकेने शुक्रवारी दुपारी उलाढालीचे प्रमाणपत्र मागितले होते. कागद आमच्याकडे तपासलेले होते, म्हणून संध्याकाळी सही होऊ शकली. नव्या माणसाला तेच समजून घ्यायला दोन आठवडे लागले असते आणि त्याचे मानधन वेगळे. दुसरे कारण गुप्ततेचे. ग्राहकांचे दर आणखी एका कार्यालयात जावेत, असे कोणत्याच कारखानदाराला वाटत नाही.

तिसरे कारण सहसा कोणी बोलत नाही. ऑडिट ही कायद्याची सक्ती वाटत असल्याने तिचे मानधन वाढवायला मालक तयार नसतात. मग सीए ऑडिट कमी पैशांत घेतात आणि तूट इतर कामांतून भरून काढतात. मला ही गोष्ट मनापासून खटकते, कारण इतर कामे जाण्याची भीती असलेला माणूस ताळेबंदावर प्रतिकूल शेरा लिहिताना कचरतो. अमेरिकेतील एन्रॉन या ऊर्जा कंपनीने 2000 साली आर्थर अँडरसन या आपल्या ऑडिटर संस्थेला ऑडिटचे सुमारे अडीच कोटी डॉलर दिले आणि इतर सेवांचे त्याहून अधिक, सुमारे 2 कोटी 70 लाख डॉलर. पुढच्याच वर्षी ती कंपनी बुडाली आणि 2002 मध्ये तिथे अशा अनेक सेवांवर बंदी आली.

आपल्याकडे कंपनी कायदा, 2013 चे कलम 144 प्रायव्हेट कंपन्यांनाही लागू आहे. हिशेब लिहिणे, अंतर्गत लेखापरीक्षण, आर्थिक माहिती प्रणालीची रचना व उभारणी, गुंतवणूक सल्ला, व्यवस्थापन सेवा ही कामे कंपनीच्या ऑडिटरला करता येत नाहीत; टॅक्स ऑडिट आणि प्रमाणपत्रे चालतात, मात्र अशा इतर सेवांना संचालक मंडळाची किंवा लेखापरीक्षण समितीची मंजुरी लागते. यामागचा विचार मला पूर्ण पटतो. एका अशिलाने सुताची घट आणि मागावरच्या अर्धवट मालाचे मूल्य काढण्याची पद्धत मलाच बसवून द्यायला सांगितली होती. घटीचे प्रमाण मीच ठरवायचे आणि पुढच्या मार्चमध्ये ते बरोबर आहे का हेही मीच तपासायचे, हे मला जमणारे नव्हते. मी नकार दिला. ते काही महिने नाराज राहिले.

तेव्हा आपल्या कंपनीची करविषयक कामे आणि प्रमाणपत्रे त्याच सीएंकडे राहू द्यावीत, या कामांच्या मंजुरीचा ठराव मात्र इतिवृत्तात आहे ना, हे पाहावे. नवी हिशेब प्रणाली त्यांच्याकडून बसवून घेऊ नये. ते काम त्यांच्या भावाच्या किंवा पत्नीच्या नावाने करून देण्याचा प्रस्ताव आला, तरी कलम 144 अप्रत्यक्षपणे दिलेली सेवाही त्याच बंदीत धरते.